मुकादमचाचांनी मिटवलेलं शेवटचं भांडण

मुकादमचाचांना मी तीन वर्षं रोज पाहिलं. त्या तीन वर्षांत त्यांचा आवाज चढलेला मी एकदाच ऐकला, आणि तो माझ्यावर चढला होता.

शाबान मुकादम हे त्यांचं नाव. म्हसळ्याच्या बाजूला खाडीकाठी गाव. वय साठीच्या पुढे, त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं आखातात गेलेली. दोह्याबाहेर आमच्या कंपनीचा कामगारांचा कॅम्प होता, तिथे ते कॅम्प बॉस होते. नाव मोठं असलं तरी काम घरातल्या थोरल्या जावेचं. कुठल्या खोलीत कोण झोपणार, कुणाचा नळ गळतोय, मेसमध्ये भात कच्चा का राहिला, कोण दोन दिवस जेवायला आला नाही, हे सगळं त्यांच्याकडे. वर्ल्ड कप जवळ येत चालला होता आणि थुमामा स्टेडियमकडे आमचं रस्त्यांचं नि गटारांचं काम जोरात होतं. माणसं वाढली तशी कंपनीने मला साइट ऑफिसमधून उचलून कॅम्पच्या ॲडमिनला बसवलं. एका पोर्टा केबिनमध्ये आमची दोन टेबलं. माझ्या टेबलावर कॉम्प्युटर. त्यांच्या टेबलावर किल्ल्यांचा बोर्ड, चहाची गाळणी आणि काळ्या चहाचा थर्मास.

माणूस बुटका, अंगाने सडसडीत. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, तो रोज स्वतः धुऊन इस्त्री केलेला. तरुणपणी रस्ते फोडायचं ब्रेकर चालवून डावा कान गेला होता. कुणी तक्रार घेऊन आला की ते त्याला धरून आपल्या उजव्या बाजूला आणायचे आणि म्हणायचे, "हितं बोल. तिकडचा दुकान बंद हाय." केबिनच्या मागे एसीचं पाणी ठिबकत असे. त्या पाण्यावर त्यांनी अळू लावलं होतं. वाळवंटात, पत्र्याच्या सावलीत, हिरवंगार अळू. कामगार येता-जाता त्याच्याकडे बघत थांबायचे. पानं तोडायची परवानगी मात्र कुणालाही नव्हती. ती ते स्वतः तोडायचे आणि ज्याच्या घरून वाईट बातमी आली असेल त्याच्या खोलीत भाजी करून पाठवायचे.

भांडणं मिटवणं हे त्यांच्या कामाच्या यादीत कुठेच नव्हतं. पण एका खोलीत सहा माणसं, एक खिडकी आणि एसीचा एक रिमोट असला की भांडण व्हायचंच. ते केबिनमध्ये बसून कधी ऐकायचे नाहीत. म्हणायचे, "टेबल बघितला की माणूस कोर्टात आल्यासारखा बोलतो." ऊन उतरलं की तक्रारवाल्याला घेऊन कॅम्पच्या भिंतीकडेने एक पूर्ण फेरी मारायचे. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याबरोबर दुसरी फेरी. तिसऱ्या दिवशी दोघांना घेऊन, स्वतः मध्ये. निम्मी भिंत संपली की चाचांच्या चपलेचा पट्टा सुटायचा. ते खाली बसायचे, "तुमी चला, मी आलोच," म्हणायचे. ते दोघं पुढे चालत राहायचे, मध्ये कुणी नसायचं.

जगन्नाथ आणि भिकू हे साताऱ्याकडच्या एकाच तालुक्यातले दोन जुने गवंडी. एकाच्या डोक्यावर दुसऱ्याचा बिछाना, आणि आधीच्या कॅम्पपासून चालत आलेला दीड वर्षाचा अबोला. चाचांनी फेऱ्या मारल्या. जगन्नाथ म्हणाला, भिकूने माझ्या गावच्या विहिरीला मचूळ म्हटलं. भिकू म्हणाला, त्याने माझी चप्पल भिंतीपलीकडे फेकली. तिसऱ्या दिवशी पट्टा सुटला, दोघं पुढे गेले, आणि थोड्याच वेळात दोघांचा मोठ्ठा आवाज आला. चप्पल आधी की विहीर आधी, यावरून जुंपली होती. मी केबिनच्या दारातून म्हटलं, "चाचा, अहो, हे तर पुन्हा भांडायला लागले!"

"भांडायला लागले ना?" पट्टा लावत ते म्हणाले. "म्हंजे बोलायला लागले."

त्यांचं दुसरं कसब म्हणजे निरोप पोचवणं. एक जण म्हणाला, "त्या हरामखोराचं मला तोंड बघायचं नाही." चाचांनी दुसऱ्याला जाऊन सांगितलं, "त्याला तुझ्यासमोर याया जमत नाय." मी त्यांना म्हटलं, हे खोटं झालं. ते हसले. "खोटा नाय, सायेब. गाळला फक्त. च्या पण आपण गाळूनच देतो ना?"

कोण बरोबर आणि कोण चूक हे ते कधीही सांगत नसत. एकदा एका इंजिनिअरने त्यांना त्यावरून छेडलं, तर म्हणाले, "खरा कोण ता अल्लाला इचारा. मना एवढाच कळता, की दोघांना एका खोलीत झोपायचाय."

आमच्या घरीही त्यांनी एक भांडण मिटवलं. तेव्हा आम्ही दोह्यातल्या मदिनत खलीफा वस्तीत राहत होतो. मी, बायको आणि चौदा वर्षांची ऋचा. ऋचा मराठी समजायची, उत्तर मात्र इंग्रजीत द्यायची. त्या महिन्यात तेही देत नव्हती. कारण शाळेच्या कसल्याशा कार्यक्रमाचं होतं, मी कबूल करून गेलो नव्हतो. मी रागावलो, ती रागावली, आणि जेवणाच्या टेबलावर फक्त ताटं वाजू लागली. एका शुक्रवारी चाचा जेवायला आले होते. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. आमटी ओरपत तिला विचारलं, "काय गं बाय, बापाशी बोलत नाय?"

ऋचा ताटाकडे बघत म्हणाली, "ही इज ऑल्वेज ॲट द कॅम्प. इव्हन व्हेन ही इज हिअर."

चाचा माझ्याकडे वळले. "काय म्हणते? मना इंग्रजी नाय समजत. मराठीत सांगा."

मी म्हटलं, "काही नाही, उगाच आपलं."

"नाय, नाय. तिचा काय ता नीट सांगा."

मग मला ते वाक्य माझ्या तोंडाने म्हणावं लागलं. "ती म्हणते, बाबा कायम कॅम्पवरच असतात. इथे असले तरी." ऋचाने वर पाहिलं. चाचांनी आणखी भात मागितला आणि बायकोशी कोकमाबद्दल बोलायला लागले. तीस वर्षं इंग्रज आणि आयरिश साहेबांबरोबर काम केलेल्या माणसाला इंग्रजी कळत नाही यावर माझा कसा विश्वास बसला, देव जाणे.

आता दत्ताचं सांगतो. सांगायचं टाळता आलं असतं तर टाळलं असतं.

दत्ता गव्हाणे जालन्याकडचा, वय छत्तीस. त्याला इथे आणला त्याच्या मेहुण्याने, विलासने. विलास हा दत्ताच्या बायकोचा, सुनीताचा, धाकटा भाऊ. नात्याने धाकटा, पण आखातात आधी आलेला आणि आमच्या साइटवर फोरमन. दत्ता त्याच्या हाताखाली. घरी ज्याला दाजी म्हणून पाट द्यायचा, त्याला साइटवर हुकूम सोडायचे, अशी ती अवघड गाठ होती. दोघांनी ती दोन वर्षं निभावली. मग एका संध्याकाळी दत्ता फोनवर सुनीतावर ओरडला. ती रडली आणि तिने भावाला फोन केला. विलास तसाच मेसमध्ये आला आणि चाळीस माणसांसमोर त्याने दाजीच्या थोबाडीत मारली.

दत्ता जेवणावरून उठला. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी जायचा अर्ज माझ्या टेबलावर होता. वहीच्या पानावर, हिंदीत, कुणाकडून तरी लिहून घेतलेला. कारण म्हणून लिहिलं होतं, 'घर की याद'. भांडणाचा एक शब्द नव्हता.

मी त्याची प्रत काढून नियमाप्रमाणे वर पाठवली. तासाभरात प्रोजेक्ट मॅनेजरचा फोन आला. ऑगस्ट जवळ आला होता, माणसं कमी होती, रस्ता ताब्यात द्यायची तारीख पुढे सरकत नव्हती. "देवरे, एकाला सोडलं तर उद्या दहा अर्ज येतील. घरगुती भांडण आहे ना? तुमचा तो म्हातारा आहे, त्याला मिटवायला सांगा."

मी चाचांना सांगितलं. ते किल्ल्या बोर्डवर लावत होते. हातातली किल्ली तशीच धरून म्हणाले, "मी सकाळीच त्याच्यासंगट फेरी मारून आलोय. सायेब, त्याचा भांडण मेव्हण्याशी नायच. तो दमलाय. त्याला घरी जायचाय. ती थप्पड त्याला निमित्त मिळाली. जाऊ द्या त्याला."

"वरून फोन आहे, चाचा."

"तर त्यांना सांगा, नाय मिटला."

"दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे. तुम्ही मनावर घेतलं तर मिटेल. माझ्यासाठी एवढं करा."

त्यांनी हातातली किल्ली बोर्डवर लावली. माझ्यासाठी म्हणून मी त्यांच्याकडे आजवर काही मागितलं नव्हतं. "बरा," ते म्हणाले. "तुमी सांगताव तर बघतो." आणि अर्ज माझ्या टेबलावरून उचलून घेऊन गेले.

दोन दिवसांनी संध्याकाळी मी केबिनच्या खिडकीतून पाहत होतो. तिघं भिंतीकडेने चालले होते. चाचा मागे राहिले. पुढे विलास एकदम थांबला, वाकला आणि त्याने दत्ताच्या पायांना हात लावला. काय बोलला ते ऐकू आलं नाही. दत्ताने त्याला उठवलं. मग दोघं भिंतीला टेकून उभे राहिले, विलासने फोन लावला, आणि आळीपाळीने दोघं सुनीताशी बोलले. दत्ता डोळे पुसत होता, हसतही होता. खरं सांगायचं तर मला फार बरं वाटलं. एक काम झालं, आणि चांगलंही झालं.

चाचा आत आले. दत्ताने फाडून दिलेल्या अर्जाचे चार तुकडे त्यांनी माझ्या टेबलावर ठेवले. "मिटला," म्हणाले. एरवी भांडण मिटलं की ते आधी चहा ओतायचे. त्या दिवशी हात धुतले आणि थेट नमाजाला गेले.

त्यानंतर दर शुक्रवारी चार वाजता दत्ता आणि विलास एकाच फोनवरून घरी बोलायचे. सहाव्या शुक्रवारी दत्ता दुपारी जेवून आडवा झाला. चारला विलास त्याला उठवायला गेला. "दाजी, तायडी वाट बघती," म्हणून त्याने खांद्याला धरून हलवलं. मग तो धावत बाहेर आला, आणि त्याच्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून मेसमधली माणसं हातातला चहा टाकून बाहेर आली.

कागदावर लिहून आलं, हृदय बंद पडलं. तेवढं आम्हालाही कळलं होतं. ते का बंद पडलं, हे छत्तीस वर्षांच्या माणसाबद्दल कुणी लिहिलं नाही. विलास शवपेटी घेऊन गावी गेला.

मातीला अकरा दिवस झाले असतील. सकाळी चाचांचा फोन वाजला. एका कानाने नीट ऐकू यायचं नाही म्हणून ते नेहमी स्पीकर लावायचे.

"सुनीता बोलते. गव्हाण्यांच्या घरून."

"हां बाय. बोल."

"विलास म्हणतो, ह्यांनी घरी यायचा अर्ज लिहिला होता. खरं हाय का, चाचा?"

मी हातातलं काम थांबवलं. या माणसाने किती जणांचे किती शब्द गाळून पोचवले होते, हे मला माहीत होतं. आता गाळतील असं वाटलं. माझ्या मनात त्यांच्यासाठी दोन-तीन वाक्यं तयारही झाली होती.

"खरा हाय," चाचा म्हणाले. "लिहिला होता. मी थांबवला त्याला. माझ्या सांगण्यावरनं फाडला त्यानं."

पलीकडे मागे कुठेतरी पोर विचारत होतं, "आई, कोण हाय? आई?"

"मला बोलले नव्हते ते," सुनीता म्हणाली. "मी म्हणले असते, या म्हणून."

तिने रागाने म्हटलं नाही. भाजीत मीठ कमी पडलं असं सांगावं तशा आवाजात म्हटलं. मग फोन बंद झाला.

चाचा फोनकडे बघत राहिले. मला गप्प बसवेना. मी म्हटलं, "चाचा, यात तुमची काही चूक नाही."

"गप रे!" ते ओरडले. केबिनचा पत्रा थरथरला असं मला वाटलं. "माझी नाय तर कुणाची? बोल ना! कुणाची?"

ते उत्तरासाठी थांबले होते. अगदी खरोखर थांबले होते. दारात दोन कामगार येऊन उभे राहिले होते. मला एक वाक्य म्हणायचं होतं, फार लांब नव्हतं, आणि ते मला आलं नाही. मी टेबलाकडे पाहिलं.

मग त्यांनी फोन खिशात टाकला. आवाज पुन्हा नेहमीसारखा झाला. "काम करा, सायेब," म्हणाले आणि किल्ल्या घेऊन बाहेर गेले.

त्या दिवसापासून त्यांनी कुणाचंही भांडण मिटवलं नाही. नळ, भात, खोल्या हे सगळं पूर्वीसारखंच नीट. पण कुणी तक्रार घेऊन आलं की म्हणायचे, "देवरेसायबांकडे जावा." कपडे वाळत घालायच्या दोरीवरून दोघं भांडले, ते माझ्याकडे आले. मी दोघांना टेबलासमोर बसवलं, दोन्ही बाजू ऐकल्या, आणि कोण बरोबर ते सांगितलं. माझा निर्णय योग्यच होता. दुसऱ्या दिवशी दोरी कापलेली सापडली. चाचा माझ्या मागेच बसलेले होते, सगळं ऐकलं होतं त्यांनी, उजव्या कानाने. जगन्नाथ एकदा येऊन त्यांच्या पायाशी बसला. "चाचा, तुमच्या हातून झालं न्हाई ते. आयुष्य सरलं होतं त्याचं," म्हणाला. चाचांनी त्याला चहा दिला, बिस्किट दिलं आणि त्याच्या गुडघेदुखीची चौकशी केली.

विलास महिन्याने परत आला. गाल बसले होते. कामात चोख, सगळ्यांशी बोलायचा, माझ्याशी तर आदबीने. फक्त चाचांशी एक शब्द नाही. किल्ली हवी असली तर दुसऱ्याला पाठवायचा. मेसच्या दारात समोरासमोर आले तर बाजूला होऊन वाट द्यायचा, नजर जमिनीवर. शिवी नाही, आरोप नाही. चाचाही त्याच्यापुढे कधी जायचे नाहीत. दोन वैरी महिनाभर एका खोलीत राहिले की चाचांना झोप यायची नाही, असं पूर्वी कॅम्पवर म्हणायचे. हे तर वर्षभर चाललं.

मी ठरवायचो, विलासला सांगायचं. चाचा दत्ताला जाऊ द्या म्हणत होते, थांबवा म्हणणारा मी होतो. दर आठवड्याला ठरवायचो. विलास समोर यायचा, "साहेब" म्हणायचा, आणि मी त्याला ओव्हरटाइमच्या कागदाबद्दल काहीतरी विचारायचो.

वर्ल्ड कपच्या आधीचे शेवटचे महिने आले. रस्ते पुरे झाले, दिव्यांच्या खांबांवर रंगीत कापडं चढली, आणि कॅम्प रिकामे व्हायला लागले. चाचांनाही घरी जायचा कागद मिळाला. जायच्या सकाळी ते किल्ल्यांचा बोर्ड माझ्या ताब्यात देत होते. एकेक किल्ली, खोलीचा नंबर, कुठलं कुलूप अडतं, कुठल्या दाराला खांदा लावावा लागतो. ते संपल्यावर मी म्हटलं, "चाचा, मी विलासला सांगणार आहे. मी तुम्हाला सांगितलं होतं म्हणून."

"कशाला?"

"त्याला खरं कळायला हवं."

शेवटची किल्ली हातात फिरवत म्हणाले, "तो स्वतःवर रागावलाय, सायेब. त्यानं थोबाडीत मारली नसती तर काय झाला असता, ह्यो रोज इचार करत असल. त्यातला थोडा राग तो माझ्यावर ठेवतो, म्हणून त्याचा दिवस ढकलतो. आता त्यात आणि तुमचा कशाला? मी तर चाललोय. तुमाला त्याच्याबरोबर राहायचाय."

"पण तुमचं काय, चाचा?"

"माझा काय?" ते म्हणाले, आणि बॅग उचलायला वाकले. मी ती घेऊ गेलो तर दिली नाही.

पिकअपमध्ये बॅग चढली. मी गेटपर्यंत चालत गेलो. नेमकी त्याच वेळी साइटवरून जेवायला येणाऱ्या माणसांची बस आली. कॅम्पचं गेट अरुंद, एका खांबाला वर्षानुवर्षं बसचे ओरखडे. पिकअप कडेला दाबली तरी बसला वळण बसेना, आणि ड्रायव्हर नवा होता. चाचा खाली उतरले. गेटच्या खांबाला पाठ लावून उभे राहिले आणि दोन्ही हातांनी खुणा करू लागले. "आने दो. आने दो. थोडा सीधा. यल्ला, आने दो."

बस इंचाइंचाने आत सरकत होती. विलास खिडकीपाशी बसला होता, हेल्मेट मांडीवर. काच उघडी होती. ती खिडकी चाचांच्या खांद्यापासून हातभर अंतरावरून गेली. विलासने त्यांच्याकडे पाहिलं. या वेळी नजर खाली घातली नाही. हातही उचलला नाही. चाचांचं लक्ष मागच्या चाकावर होतं, किंवा त्यांनी ते तिथे ठेवलं होतं. "बस, बस. खलास," म्हणून त्यांनी बसच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली. मग शर्टावर आलेली धूळ झटकली, कॉलर नीट केली आणि पिकअपमध्ये चढून बसले. माझ्याकडे वळून त्यांनी हात कपाळाशी नेऊन सलाम केला. गाडी हमरस्त्याला लागली.

माझ्या मागे माणसं बसमधून उतरत होती. विलासही उतरला. माझ्यापाशी येऊन थांबला, "राम राम, साहेब," म्हणाला, आणि जाऊन जेवणाच्या रांगेत उभा राहिला.